हायस्कूल किती लांब?

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलाविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा आधी मोठी नावंच डोळ्यांपुढे आली. भांडारकर, कर्वे, काणे. एकेका नावावर तास संपेल. पण मी जन्मभर मास्तरकी केली आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. त्या जाडजूड रजिस्टरात उजव्या हाताला एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. आमच्याकडे तो वाचायला लागलं की पानोपानी एकच कारण भेटतं : 'मुंबईस गेला'. शाई बदलते, लिहिणाऱ्याचं अक्षर बदलतं, कारण तेच. तेव्हापासून शाळेचा इतिहास म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की इथवर पोचलं कोण आणि कोण पोचलं नाही? आज मला त्याच बाजूने बोलायचंय.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, जन्म १८३७चा. वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळेचं दार उघडलं. म्हणजे बघा, एवढा थोर संशोधक, पण त्याच्या शिक्षणाची सुरुवात वडिलांच्या बदलीच्या हुकमातून झाली. बदली झाली नसती तर? १८५३ साली ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७मध्ये आणि १८६२ साली त्याचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने भांडारकर होते. मग काही वर्षांतच ते हेडमास्तर होऊन रत्नागिरीला परत आले. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याच दशकात त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. पुढे पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांवर संस्कृत शिकली. मुलं कुठे अडतात हे रोज वर्गात बघणाऱ्या मास्तराचा हात त्या पुस्तकांत दिसतो.

आता धोंडो केशव कर्वे. हे मुरुडचे, हर्णैजवळच्या मुरुडचे. यांच्या वडिलांची कुठे बदली होणार नव्हती. गावात मराठी शाळा होती, तिथे सहावीपर्यंत शिकले. सहावीच्या सरकारी परीक्षेत पास झालं की नोकरीची वाट मोकळी व्हायची, पण परीक्षेला बसायला वय सतरा पुरं लागायचं. दिवस पावसाळ्याचे. पावसाळ्यात आपल्याकडे समुद्र बंद. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आगबोट नाही, गाडीरस्ता नाही. मग सोबत्यांबरोबर हा मुलगा साताऱ्याला चालत निघाला. मुरुड ते सातारा, ११० मैल. वर सह्याद्रीचा घाट, ओढे-नाले फुगलेले, अंगावर पावसाची धार. ज्यांनी श्रावणात तो घाट पायी चढलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

पोचले. परीक्षकांपुढे उभे राहिले. वयाचा दाखला जवळ होता. पण अंगकाठी लहान, चेहरा पोरसवदा. साहेब म्हणाले, हा मुलगा सतराचा दिसत नाही. बसू दिलं नाही.

मंडळी, हा प्रसंग आपण 'अण्णांची जिद्द' म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण मी मास्तर आहे, मला त्या टेबलापलीकडच्या माणसाचा विचार सुटत नाही. चिखलाने भरलेले पाय समोर दिसत असताना त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला आणि पाय पाहिले नाहीत.

पुढे कर्वे रत्नागिरीच्या हायस्कुलात आले, पण प्रकृतीने साथ दिली नाही, घरी परतावं लागलं. शेवटी मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली मॅट्रिक झाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आमच्या रजिस्टरच्या भाषेत सांगायचं तर 'मुंबईस गेला'. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुण्याजवळच्या हिंगण्यातलं विधवांच्या आश्रमाचं काम, १९१६ सालचं महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न.

पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सरकारी हायस्कुलात काही वर्षं शिक्षक होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेला माणूस इथे खडू हातात घेऊन उभा होता, एवढं सांगून पुढे जातो. कारण मैलांचं अंतर पायांनी तरी कापता येतं. दुसरं एक अंतर होतं, ते शाळेच्या पायरीपाशी सुरू व्हायचं.

दापोलीच्या कॅम्पात पलटणीतून पेन्शनीत आलेली महार मंडळी राहत होती. शाळा हाकेच्या अंतरावर. १८९२ साली त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. मुलांना जागा मिळाली ती पडवीत. आत फळा, बाहेर मुलं. पुढे थोड्याच वर्षांत सुभेदार रामजी सकपाळांचं कुटुंब त्याच दापोलीत राहायला आलं. त्यांचा धाकटा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर आला. ज्या साताऱ्याहून कर्वे रिकाम्या हातांनी परतले होते, तेच हे सातारा. भीमरावाला बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपाई त्याला हात लावत नसे म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि आणायचं.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक शाळा अस्पृश्य मुलांना खुल्या झाल्या. कागदावर. सावरकर १९२४पासून १९३७पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. शाळांतून सगळ्या जातींची मुलं सरमिसळ बसावीत म्हणून त्यांना चळवळ उभारावी लागली, पालकांचा विरोध अंगावर घ्यावा लागला. त्या काळी वर्गातली एक सतरंजी सगळ्यांची व्हायला इतके कष्ट पडले.

आता मुलींविषयी. माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. आमचं गाव खाडीपलीकडे, हायस्कूल अलीकडे. मधे तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी. सकाळी तरीत बसायचं, भरती असली तर लवकर, ओहोटी असली तर गुडघाभर चिखल तुडवत. मला सातवीनंतर आईने दप्तर देऊन त्या तरीत बसवलं. ताईची सातवी झाली तेव्हा घरात दोन दिवस बोलणं झालं आणि तिसऱ्या दिवशी थांबलं. 'पोरीला रोज तरीतून कोण धाडणार?' कुणी तिच्यावर रागावलं नाही, की कुणी तिला विचारलंही नाही. ती माझा डबा भरून द्यायची आणि संध्याकाळी माझी गणितं तपासायची. दहावीपर्यंत.

गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना तिला तिचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. कागद घडीवर फाटलाय, शाईचा रंग उडालाय, पण तो रकाना नीट वाचता येतो. गुरुजींनी टाकाने लिहिलंय, 'खाडी ओलांडण्याची सोय नाही'. या व्याख्यानाचं कळल्यावर ताईनेच तो माझ्या हातात दिला, म्हणाली, घेऊन जा. तो मी आज बरोबर आणलाय. पहिल्या रांगेत ती बसली आहे. ज्यांना दाखला बघायचा असेल, त्यांनी तिच्याकडे मागावा.