माणशी किती पाउंड?

लंडनच्या पूर्वेचा टॉवर हॅम्लेट्स हा भाग, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डॉर्सेट. टॉवर हॅम्लेट्समध्ये पासष्टी ओलांडलेली माणसं शंभरात सहासुद्धा नाहीत. डॉर्सेटमध्ये ती तीसच्या आसपास आहेत. दोन्हीकडच्या कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक प्रशासनावर, कायद्याने जबाबदारी मात्र एकच: ज्या प्रौढ माणसांना स्वतःचं स्वतःला करता येत नाही, त्यांना आधार देणं. सकाळी अंथरुणातून उठवणं, आंघोळ घालणं, जेवू घालणं, आणि घरी निभेनासं झालं की केअर होममध्ये सोय लावणं.

इंग्लंडमध्ये हे काम १५३ कौन्सिलांकडे आहे. दरवर्षी त्यांच्या खर्चाचे आकडे जाहीर होतात. कुणीतरी त्यांना लोकसंख्येने भागतं आणि यादी तयार होते: अमुक कौन्सिल माणशी इतके पाउंड खर्च करते, तमुक इतके. यादी पाहणारा लगेच ठरवतो, कोण उदार आणि कोण हात आखडणारं. ही घाई आम्हाला अन्यायाची वाटते.

१९४८ मध्ये ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली आणि दवाखाना सगळ्यांसाठी मोफत झाला. ही देखभाल मात्र कौन्सिलांकडेच राहिली आणि आजही ती ऐपत पाहून मिळते. तुमच्याकडे २३,२५० पाउंडांहून जास्त बचत असेल तर सगळा खर्च तुमचा. कायमचं केअर होममध्ये जायची वेळ आली, तर बहुतेकदा राहतं घरही या हिशेबात धरतात. नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर नाही. इंग्लंडमधली ही मर्यादा २०१० पासून एका पाउंडानेही वाढलेली नाही. महागाई वाढत गेली, तशी साध्या बचतीची माणसंही मदतीच्या बाहेर ढकलली गेली.

आता यादी पुन्हा पाहा. टॉवर हॅम्लेट्समध्ये वृद्ध थोडे. पण २०१९ च्या सरकारी निर्देशांकात वृद्धांमधली गरिबी इंग्लंडमध्ये सर्वाधिक होती ती तिथेच. म्हणजे तिथल्या वृद्धाला मदत लागली, तर खर्च कौन्सिललाच उचलावा लागण्याची शक्यता जास्त. जिथे घरमालक आणि बचत बाळगणारे जास्त, तिथे अनेकजण स्वतःच्या खिशातून भरतात आणि कौन्सिलच्या हिशेबात दिसतच नाहीत. शिवाय ते भरतातही जास्त. स्पर्धा नियामकाने २०१७ मध्ये पाहिलं, तेव्हा एकाच केअर होममध्ये स्वखर्चाने राहणारा माणूस कौन्सिलपेक्षा सरासरी ४१ टक्के अधिक मोजत होता.

मग फक्त पासष्टीपुढच्यांच्या संख्येने भागलं तर? तेही पुरत नाही. देखभालीवरचा जवळपास निम्मा खर्च १८ ते ६४ वयाच्या माणसांवर होतो, आणि त्यात मोठा वाटा बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या आधाराचा. विशीतल्या एका तरुणाला पुढची कित्येक दशकं चोवीस तास सोबत लागू शकते.

पैसा येतो कुठून, हा प्रश्न तर आणखी बोचरा आहे. २०१६ पासून सरकारने कौन्सिलांना देखभालीसाठी घरपट्टीत, म्हणजे कौन्सिल टॅक्समध्ये, जादा वाढ करायची मुभा दिली. हा कर आजही घरांच्या १९९१ च्या किमतींवर बसतो. उत्तरेकडच्या हल शहरात बहुतांश घरं कराच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यात, तर लंडनजवळच्या सरे परगण्यात महागडी घरं भरपूर. दोघांनी सारखीच टक्केवारी वाढवली, तरी दर घरामागे हलच्या हाती कमी पडतं. गरज जास्त असलेल्या गावाला कमी मिळावं, याचं समर्थन कसं करायचं?

तुलना करूच नये असं नाही. सार्वजनिक हिशेबनिसांच्या संस्थेने 'जवळचे शेजारी' नावाची पद्धत आखली आहे: वस्ती, वय, गरिबी जिथे मिळतीजुळती, तीच कौन्सिलं एकमेकांशेजारी ठेवायची. अशा तुलनेत एखाद्या कौन्सिलचा निर्णय खरोखर दिसतो. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅमने २०१५ मध्ये घरपोच देखभालीचं शुल्कच रद्द केलं; तिथला वाढीव खर्च हा निवडून केलेला खर्च आहे.

१९६०-७० च्या दशकांत ब्रिटनला गेलेली मराठी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे, आणि त्यातल्या कित्येकांचं पाहणारी त्यांची मुलंच आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ५० लाख लोकांनी नोंदवलं, की आपण कुणाची तरी विनामोबदला देखभाल करतो. जिथे लेक रोज कामाआधी येऊन आईला आंघोळ घालते, तिथे कौन्सिलचा माणशी खर्च कमी दिसतो.