तळघरातल्या तुळईवरचा शिक्का

(दृश्य: कार्लिनव्हिल, इलिनॉय. झाडांच्या सावलीतला रस्ता, दोन्ही बाजूंना दुमजली लाकडी घरं.)

हे इलिनॉय राज्यातलं कार्लिनव्हिल. १९१८ साली स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीला आपल्या खाणकामगारांसाठी घरं हवी होती, आणि तीही लवकर. कंपनीने सीअर्स रोबककडे, म्हणजे कॅटलॉगवरून सुट्या भागांतली अख्खी घरं विकणाऱ्या कंपनीकडे, सुमारे दहा लाख डॉलरची ऑर्डर दिली. घरं मालगाडीने आली. त्यांतली १५६ या गावात उभी राहिली आणि बहुतेक आजही नांदती आहेत.

इथे ओळख पटवण्याचा प्रश्न नाही, अख्खी वस्तीच सीअर्सची. पण १९०८ ते १९४० या काळात सीअर्सने विकलेल्या घरांचा आकडा सत्तर हजारांच्या वर सांगितला जातो. ती अमेरिकेत गावोगावी विखुरली, आणि विक्रीच्या नोंदी कंपनीने पुढे नष्ट केल्या. कोणतं घर कुठे गेलं, याची यादीच उरली नाही. आता एकेका घरापाशी जाऊन त्याच्याकडूनच त्याची हकिकत काढून घ्यावी लागते.

(दृश्य: जुन्या कॅटलॉगची पानं. घराचं चित्र, खाली नकाशा आणि किंमत.)

गिऱ्हाइकाने कॅटलॉगमधून नमुना निवडायचा, पैसे भरायचे, आणि काही आठवड्यांत जवळच्या स्टेशनात मालडबे येऊन लागायचे. तुळया, वासे, फळ्या, दारं, खिडक्या, खिळे, रंग. एका घराचे मिळून सुमारे तीस हजार नग. विटा आणि सिमेंट तेवढं गावातच घ्यायचं. सगळं सामान स्टेशनातून गाडीत भरून जागेवर न्यायचं असल्यामुळे ही घरं बहुधा रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नसतात. शोधाची सुरुवात तिथूनच करावी.

(दृश्य: बंगल्याचा दर्शनी भाग. कॅमेरा वळचणीपाशी थांबतो.)

वर पाहा, वळचणीखाली. लाकडाचे पाच तुकडे जोडून केलेलं हे ब्रॅकेट सीअर्सच्या बऱ्याच बंगल्यांवर दिसतं. मग छपराकडे या. ‘व्हॅलोनिया’ आणि ‘वेस्टली’ हे दोन नमुने चटकन एकसारखेच वाटतात. पण छपरातून पुढे आलेल्या खिडकीसमोर (डॉर्मरसमोर) छोटी बाल्कनी दिसली, तर ते ‘वेस्टली’ असण्याची शक्यता जास्त. ‘अल्हाम्ब्रा’ त्या मानाने सोपं: गिलावा केलेल्या भिंती आणि छपराच्या वर चढलेले वळणदार कठडे. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

मात्र इथे थांबायचं नाही, आणि हे आम्ही मुद्दाम जोर देऊन सांगतो आहोत. नुसत्या चेहऱ्यावरून ‘हे सीअर्सचं घर’ म्हणून टाकण्याची घाई फार होते. त्या काळात अलाडिन, गॉर्डन-व्हॅन टाइन, माँटगोमेरी वॉर्ड, लुईस अशा कितीतरी कंपन्या घरं विकत होत्या. लोकांना आवडलेला नमुना प्रत्येकजण थोड्या फरकाने आपल्या कॅटलॉगात घ्यायचा. गावातला लाकडाचा वखारवालाही नकाशांचं पुस्तक पुढे करून तसंच घर बांधून द्यायचा. बाहेरून पाहून या सगळ्यांत फरक करणं अवघड असतं.

म्हणून टेप काढा. घराची लांबी-रुंदी बाहेरून मोजा आणि कॅटलॉगमधल्या नकाशाशी ताडून पाहा. प्रत्येक बाजूच्या खिडक्या मोजा, चिमणी कुठे आहे ते बघा. नकाशा उलटा लावूनही पाहा, कारण डावी-उजवी बाजू अदलून घेण्याची सोय गिऱ्हाइकाला होती. व्हरांडा नंतर बंद केलेला असेल, फळ्यांवर अॅल्युमिनियमचे पत्रे चढवलेले असतील. त्याने बिचकू नका. खिडक्यांच्या जागा सहसा कोणी हलवत नाही.

(दृश्य: तळघर. टॉर्चचा प्रकाश एका तुळईवर स्थिरावतो.)

खरा पुरावा इथे, तळघरात. घराचं लाकूड कारखान्यातच मापात कापून यायला लागलं, तेव्हापासून प्रत्येक नगावर खूण असायची: एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे. नकाशातही तीच खूण असायची, म्हणजे कोणता नग कुठे बसवायचा ते कळावं. ही छाप तुळईच्या टोकापासून काही इंचांवर सापडते. जिन्याखाली आणि माळ्यावरही शोधा. पण सुरुवातीच्या वर्षांतलं लाकूड असं कापून येत नसे. त्यामुळे त्या काळातल्या घरात शिक्का नाही मिळाला, तर आशा सोडू नका.

दाराच्या चौकटीची पट्टी कधी दुरुस्तीसाठी निघाली, तर तिची मागची बाजू जरूर बघा. तिथे पाठवणीची चिठ्ठी चिकटलेली असू शकते. काही चिठ्ठ्यांवर सीअर्सचं नाव नसतं, नुसताच पत्ता असतो: ९२५ होमन अॅव्हेन्यू, शिकागो. तो सीअर्सचाच.

मग कागद. १९११पासून सीअर्स घरासाठी कर्जही देऊ लागली होती. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जुनी गहाणखतं चाळताना विश्वस्त म्हणून ‘वॉकर ओ. लुईस’ हे नाव आलं, तर शोध जवळजवळ संपला. तो सीअर्सचा माणूस. मंदीत हप्ते थकले, अनेकांची घरं गेली, आणि १९३४च्या सुमारास कंपनीने कर्जाचा व्यवहार आवरता घेतला. त्या कुटुंबांच्या अडचणीच्या काळातले हे कागद आज घराची ओळख पटवतात, हे वाचताना मन जड होतं.

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना हे सगळं घराजवळच पाहता येईल. एल्गिन आणि डाउनर्स ग्रोव्ह या दोन्ही गावांत सीअर्सची बरीच घरं ओळखली गेली आहेत.

(दृश्य: संग्रहालयातली कपाटं, ऑर्डरची जुनी वही.)

अलाडिनच्या बाबतीत मात्र दैव उदार निघालं. मिशिगनमधल्या बे सिटीच्या या कंपनीचे कागद सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या क्लार्क ऐतिहासिक ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत, ऑर्डरच्या नोंदींसह. तिथे शोधाची दिशाच उलटी होते. आधी वहीत गावाचं नाव सापडतं, आणि मग त्या गावी जाऊन घर शोधायचं.