गळा खोल, कान मोठा

(दृश्य: ठाणे, नौपाडा. जुन्या इमारतीचा जिना. तळमजल्यावर ब्लाउज शिवणारं दुकान, शटर अर्धं खाली.)

संध्याकाळी साडेसातला मास्टर कात्री ठेवतात आणि टेबलाखालचा ढीग पायाने एका पोत्यात लोटतात. दिवसभरात कापलेल्या ब्लाउजच्या या चिंध्या. एरवी हे पोतं सकाळी घंटागाडीत जातं. मंगळवारी आणि शनिवारी मात्र ते जिना चढून पहिल्या मजल्यावर येतं.

पहिल्या मजल्यावरच्या काकू पोतं उघडण्याआधी पंखा बंद करतात. मग जुनी चादर, त्यावर सगळा ढीग, आणि मांडी घालून बसणं. पुढचा दीड तास मशीनवरचं कव्हरही निघत नाही. नुसतं निवडणं चालतं, तांदूळ निवडावेत तसं. काकू या चिंध्यांचे खेळण्यातले प्राणी शिवतात, आणि त्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम हेच.

(दृश्य: चादरीवर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे.)

ब्लाउज कापताना पाहिला असेल तरच हा ढीग वाचता येतो. ही चंद्रकोर मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, गोलाईतून निघाली. हे लांबट त्रिकोण बाह्यांच्या कडेचे. या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या म्हणजे उरलेला काठ. आणि त्यातल्या त्यात मोठा, सलग तुकडा म्हणजे पाठीच्या गळ्याचा.

तो तुकडा दिसला की काकूंचा हात आधी तिकडे जातो. एका गळ्यातून हत्तीचे दोन कान निघतात. कानाची आतली बाजू अस्तराची, तीही याच ढिगातली. साध्या गळ्यातून बेताचे कान येतात. लग्नसराईत पाठीचे गळे खोल होतात आणि कानही वाढतात. मे महिन्यात आपले हत्ती आफ्रिकेतले होतात, असं काकूंचं म्हणणं. ते चुकीचं नाही, आफ्रिकी हत्तीचे कान आपल्या हत्तीपेक्षा खरंच मोठे असतात.

प्रत्येक तुकडा त्या दोन्ही हातांत धरून तीनदा ओढतात. कापडात उभा धागा असतो आणि आडवा धागा. उभ्या धाग्यात ओढलं तर कापड जवळजवळ हलत नाही, आडव्यात थोडंसं देतं, आणि तिरकं ओढलं की रबरासारखं ताणतं. हा उरेब. गळ्याला पट्टी लावायला तो हवाच. हत्तीच्या पायाला मात्र नको.

(दृश्य: फ्रिजवर ठेवलेला निळा हत्ती. एका बाजूला झुकलेला.)

हा पहिला. तीन पाय उभ्या धाग्यात कापलेले, चौथा उरेब. कापूस भरल्यावर तो चौथा पाय लांबला आणि हत्ती लंगडा झाला. उसवून दुरुस्त करता आला असता, पण तोवर नातवाने त्याचं नाव ठेवलं होतं. आता काकू पाय आणि पाठ उभ्या धाग्यातच कापतात. सोंडेला मात्र मुद्दाम उरेब घेतात, कारण सोंड सुरकुत्या न पडता वळायला हवी.

(दृश्य: मशीन. टीप मारण्याचा आवाज.)

दोन बाजू कापल्या, जोडल्या, कापूस भरला की काय तयार होतं? पापलेट. कितीही मायेने शिवा, ते आडवंच पडतं. चार पायांवर उभं राहायचं तर पोटाखाली वेगळी पट्टी लागते, आणि प्राण्याचं खरं गणित या कधीच न दिसणाऱ्या पट्टीत असतं. बाजूच्या आकाराचा खालचा अर्धा भाग, म्हणजे दोन पाय आणि मधलं पोट, आणखी दोनदा कापायचा. ते दोन तुकडे पोटाच्या मध्यरेषेवर एकमेकांना जोडायचे. मध्ये चार बोटं जागा उघडी ठेवायची, उलटवायला आणि कापूस भरायला.

ही मधली शिवण सरळ मारली तर पाय फाकतात, बर्फावर उभं केल्यासारखे. म्हणून ती पोटाजवळ किंचित आत वळवून घ्यायची. पट्टी तेवढी अरुंद होते आणि पाय एकमेकांकडे ओढले जातात. कपाळालाही अशीच एक पट्टी लागते, सोंडेच्या टोकापासून मानेपर्यंत. ती नसली तर दोन्ही गाल थेट चिकटतात आणि हत्ती सुरीसारखा दिसतो. काठाच्या पट्ट्या इथे वापरता येतात, पण जरीचा काठ टोचतो. तो फक्त शोभेच्या हत्तीला.

मार्जिन दोन सूत, म्हणजे पाव इंच. टीप नेहमीपेक्षा बारीक, कारण आतून कापूस दाबणार आहे. गोलाईवर शिवणीच्या अगदी जवळपर्यंत कातरे द्यायचे. कातरे विसरलात तर उलटवल्यावर पाठ आक्रसते. आणि टाचण्या मोजायच्या: बारा लावल्या, बारा निघाल्या, मगच कापूस.

हत्तीच का, हे काकूंना विचारलं. सोपा पडतो, म्हणाल्या. मान नाही, बारीक पाय नाहीत. जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेटे श्टाइफ यांनीही १८८० मध्ये सुरुवात हत्तीनेच केली होती. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, पुढे चाकाची खुर्ची. फेल्टचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाचे, कपडे शिवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मासिकातला नमुना पाहून त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती केला, तोही टाचण्यांची उशी म्हणून. मुलांनी तो खेळायला नेला. त्यातून कारखाना उभा राहिला, आणि त्यांच्या भाच्याने १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल आखलं. ती पुढची टेडी बेअरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

(दृश्य: ऐरोलीजवळची खाडी. चिखलात गुलाबी ठिपके.)

सोपा नसलेला प्राणी इमारतीतल्या मुलांनी मागितला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. ऐरोलीची सहल करून आलेल्या मुलांना त्याच संध्याकाळी फ्लेमिंगो हवा होता. गुलाबी अस्तराला तोटा नव्हता. अडलं पायांशी. पेन्सिलीएवढी नळी शिवली तर ती उलटवताच येत नाही. तार घालणं म्हणजे मुलाच्या डोळ्याशी खेळ. शेवटी काकूंनी पाय शिवलेच नाहीत. चिंधी घट्ट गुंडाळली, वरून दोरा आवळला आणि मधोमध एक गाठ मारली. गाठ म्हणजे गुडघा. खरं तर पक्ष्याचा तो गुडघा नसतोच, तो घोटा. म्हणूनच तो उलटा वाकल्यासारखा वाटतो. हा फ्लेमिंगो उभा राहत नाही, खिडकीत लटकतो.

(दृश्य: पुन्हा पोतं. अजून बरंच भरलेलं.)

आता जरा वेगळं. या कामाला लोक लगेच ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात. शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून तो शब्द आपल्या जिभेवर बसलाय. पण एका हत्तीला दोन मुठी चिंध्या लागतात, आणि पोत्यातला निम्म्याहून अधिक ढीग परत खालीच जातो. पोटात चिंध्या भरून पाहिल्या. प्राणी जड होतो, गाठी हाताला लागतात, आणि ठाण्याच्या जुलैत धुतला तर वाळता वाळत नाही, कुबट वास मारतो. त्यामुळे पोटात विकतचा फायबरचा कापूसच, जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला. हत्तीमागे साधारण १०० ग्रॅम.

चिंध्या भरलेला एकच प्राणी या घरात आहे. दाराला लावलेलं मांजर. पावसाळी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ते जडच हवं. फॅशन डिझाइन शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने सरावासाठी आणलेलं कापड उरलं होतं, त्याचं केलंय. कापड मांजरपाट. विनोद काकूंनी मुद्दाम केलेला नाही, पण आलेल्या प्रत्येकाला सांगतात.

डोळ्यांना बटण नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात बटण गेलं तर घशात अडकतं, म्हणून दोऱ्याने भरलेले डोळे. विकत का नाही देत, असं सगळेच विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण नोंदणीच्या भानगडीत काकूंना पडायचं नाही. त्या बारशाला देतात, वाढदिवसाला देतात.

आणि नवरात्रात एक खाली नेतात.

(दृश्य: इमारतीचं आवार, रात्र. पाटावर कापडी हत्ती, भोवती फेर.)

भोंडला हस्त नक्षत्राचा, म्हणून मध्ये हत्ती. पूर्वी पाटावर खडूने काढायचे. गेली काही वर्षं काकूंचा हत्ती बसतो, जांभळा, जरीच्या कपाळाचा. फेर संपतो, खिरापत ओळखण्याचा गोंधळ सुरू होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाकून हत्तीचा कान हातात घेतात, उलटून अस्तर बघतात, पुन्हा सुलटा करतात.

“अगंबाई, हा माझ्या ब्लाउजचा गळा! बघा काकू केवढा कापलाय. मी मास्टरना चारदा सांगितलं होतं, एवढा खोल नको म्हणून.”