मकाव: घरच्यांनी पत्ते वाटायचे, खेळायचं पाहुण्यांनी

श्रोतेहो, नमस्कार.

जुगाराचं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लास वेगास येतं. पण वेगासच्या स्ट्रिपला, म्हणजे तिथल्या कसिनोंच्या मुख्य रस्त्याला, जुगाराच्या कमाईत 2006 सालीच मागे टाकलं ते मकावनं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा तुकडा जेमतेम 33 चौरस किलोमीटरचा. वस्ती सात लाखांच्या आतबाहेर, आणि 2024 मध्ये पाहुणे आले साडेतीन कोटींच्या आसपास. कामावर जाणाऱ्यानं बसमध्ये शिरायचं कसं, ते तुम्हीच सांगा!

1999 पर्यंत इथे पोर्तुगिजांची सत्ता होती, आणि 1844 पर्यंत कारभाराचं ठाणं होतं आपला गोवा. रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघून पणजीकराला परकं वाटणार नाही. गोव्याची पदरापदरांची गोड बिबिंकही मिळते, पण पदरांशिवायची, नारळाच्या दुधाची नुसती मऊ खीरवडी. गोंयकार तिला बिबिंक म्हणेल का, शंकाच आहे.

मला आज बोलायचंय ते तिथल्या डीलरांबद्दल. कसिनोत सुरक्षारक्षक नेपाळी चालतो, सफाईला फिलिपिन्सची बाई चालते, स्वयंपाकी कुठलाही चालतो. टेबलामागे उभं राहून पत्ते वाटणारा मात्र मकावचा रहिवासीच लागतो. साहजिकच घराघरांत कुणी ना कुणी डीलर. काम तिन्ही पाळ्यांत चालतं. आई रात्रपाळीहून परतते तेव्हा पोरं शाळेला निघालेली असतात. पूर्वी अठराव्या वर्षीच ही नोकरी मिळायची, मग कॉलेजात कोण कशाला जातंय? 2012 मध्ये कायद्यानं वय एकवीस केलं.

खेळ मुख्यतः बाकारा नावाच्या पत्त्यांच्या जुगाराचा. गिऱ्हाईक पत्ता एका कडेनं दुमडत, फुंकर घालत, जीव मुठीत धरून उघडतं. पत्त्याचा पार चुरगळा होतो, म्हणून वापरलेले पत्ते पुन्हा टेबलावर येत नाहीत. डाव हरला की गिऱ्हाइकाचा राग निघतो समोरच्या डीलरवर, आणि त्यानं चेहरा मख्ख ठेवायचा.

आणि गंमत अशी की या डीलरला स्वतःला खेळायची बंदी! सरकारी नोकरांना ती आधीपासून होती. डिसेंबर 2019 पासून कसिनोच्या कामगारांनाही ड्युटी संपल्यावर जुगाराच्या दालनात पाऊल टाकता येत नाही. सूट फक्त चिनी नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांची. आपल्याकडे गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटायची मोकळीक असते ना, तसंच काहीसं. मांडवीतल्या कसिनो-बोटींवर गोवेकरांना 2020 पासून मज्जाव आहे. तो कितपत पाळला जातो, हे पणजीकरांनाच विचारावं.

खेळू देत नाहीत, पण पैसा घरी येतो. कसिनोंच्या कमाईतले शंभरातले जवळपास चाळीस सरकार घेतं. त्यावर बालवाडीपासून पंधरा वर्षांचं शिक्षण फुकट, शिवाय प्रत्येक कायम रहिवाशाला वर्षाला 10,000 पटाका, म्हणजे तिथलं चलन. 2020 च्या फेब्रुवारीत महामारीमुळे सगळे कसिनो पंधरा दिवस बंद होते, नंतर पर्यटकही आटले. तरी त्या वर्षीचे पैसे आले, उलट ठरल्या वेळेआधीच आले. आता 2025 पासून त्याला एक अट जोडली आहे: वर्षातले किमान 183 दिवस मकावमध्ये राहायचं. घरभाडं झेपत नाही म्हणून सीमेपलीकडे, चीनच्या मुख्य भूमीवरच्या चुहाई शहरात बिऱ्हाड थाटलेल्या पासष्टीपुढच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मात्र या अटीतून सूट आहे.

नमस्कार.