गट बदलायचा कधी?

(वाशीत मोटारप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पाम बीच रोडवर रात्री गाडी पळवून आपला हात बसला, असा ज्यांचा समज आहे त्यांनी जरा पुढे येऊन बसा.

हात बसवायची जागा म्हणजे रेस ट्रॅक. तिथे हौशी चालकांचे तयारीप्रमाणे गट पाडतात, आणि कोणाला वरच्या गटात पाठवायचं हे इन्स्ट्रक्टर म्हणून मला ठरवावं लागतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा ‘करी मोटर स्पीडवे’ २.१. इथून तिथवर गाडी न्यायची, फी भरायची, टायर झिजवायचे. मग संध्याकाळपर्यंत ‘सर, मला वरच्या गटात टाका’ हे ओघानं आलंच. कारण विचारलं की लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागलेला वेळ, दाखवतात. तो मी बघतच नाही. मोठं इंजिन असलं की सरळ पट्ट्यावर कोणीही वेगवान दिसतो. वळणात मागे स्विफ्ट, पोलोची रांग लागलेली असते आणि साहेबांना आरशाची आठवणही नसते.

पहिल्या गटात शेजारी इन्स्ट्रक्टर असतो. ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच, तोही पुढच्यानं हात दाखवून वाट दिली तर. वर गेलं की शेजारची सीट रिकामी होते, पुढे ओव्हरटेकची बंधनंही सैल होतात. म्हणजे बढती देताना आपण त्याच्याकडून डोळ्यांची एक जोडी काढून घेतो. त्याचे दोन डोळे त्याला पुरतील का, एवढंच मला ठरवायचं असतं.

म्हणून एक सेशन मी तोंड उघडत नाही. अर्थात, जिवावर बेतलं तर ओरडतोच. हेल्मेट काढलं की विचारतो: मागे कोणती गाडी होती? तिला वाट कुठे दिलीस? लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा कोणत्या वळणावर होता? तो झेंडा म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे. ‘झेंडा? कुठे होता?’ असं उत्तर आलं, तर सगळं लक्ष अजून स्टिअरिंग आणि ब्रेकमध्येच अडकलंय.

दुसरं मी बघतो ते हात. वळणातून बाहेर पडताना दोन चाकं गवतात गेली, की घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलतो आणि स्टिअरिंग ट्रॅककडे ओढतो. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, पुढची चाकं डांबरावर चढताच पकड घेतात आणि गाडी गर्रकन फिरून ट्रॅकच्या मधोमध आडवी! मागून येणाऱ्यानं जायचं कुठे? तयार झालेला माणूस चाकं सरळ ठेवतो, पाय हळूहळू सोडतो, वेग उतरला की सावकाश ट्रॅकवर येतो. चूक दोघांचीही तीच, पण दुसऱ्याला मी एकटा सोडेन.

तरी बढतीआधीची शेवटची फेरी दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर. माझी विद्यार्थ्याशी दोस्ती झालेली असते, त्याची नसते.

आणि हा शिक्का कायमचा नाही. नवीन ट्रॅक असेल, मध्ये वर्षभर खंड पडला असेल, पाऊस आला असेल, तर वरच्या गटातल्यानं पहिल्या सेशनला इन्स्ट्रक्टर मागून घ्यावा. मागणारे थोडेच असतात. त्यांच्या शेजारी बसायला मी केव्हाही तयार असतो.