जशी ऐकू आली तशी

(दृश्य : फिरणारी तबकडी. सुई टेकते, खरखर. मग इलेक्ट्रिक पियानोचे सूर.)

१९६४ साल. अमेरिकेत एफबीआयच्या प्रयोगशाळेत एक तबकडी तपासाला आली आहे. ती नेहमीच्या वेगानं वाजवली जाते. मग सावकाश. मग जलद. पुन्हा सावकाश. गाण्यात अश्लील शब्द दडलेत, अशी तक्रार आहे. एका पालकानं थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र धाडलंय. इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी राज्यातल्या रेडिओ केंद्रांना हे गाणं लावू नका, असं सांगितलंय. आणि विद्यार्थ्यांमध्ये हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या फिरतायत, गाण्याच्या 'खऱ्या' शब्दांच्या. एका चिठ्ठीतले शब्द दुसरीशी जुळत नाहीत.

तपास दोन वर्षांहून जास्त चालला. निष्कर्ष निघाला तो असा : कुठल्याही वेगानं वाजवलं तरी शब्द समजत नाहीत.

ते गाणं होतं 'लुई लुई'. बँड द किंग्जमेन, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँड शहरातला. एप्रिल १९६३ मध्ये तिथल्याच एका स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. मायक्रोफोन वर, बराच उंच टांगलेला. गायक जॅक इलाय अवघा एकोणीस वर्षांचा, दातांना तारा बसवलेल्या. टाचा उंचावून, मान मागे टाकून तो वरच्या माइककडे ओरडत होता आणि भोवती सगळा बँड दणाणत होता. गिटारचा सोलो संपल्यावर एका जागी तो घाईनं कडवं सुरू करतो, चुकलं हे कळताच थांबतो, आणि ड्रमर तेवढी जागा भरून काढतो. तो क्षण तबकडीवर जसाच्या तसा राहिला. मला तो फार प्रिय आहे. घासूनपुसून लख्ख केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अशी धडपड ऐकायला मिळत नाही.

आणि अश्लील काय होतं त्या शब्दांत? काहीही नाही. हे गाणं लिहिणारे रिचर्ड बेरी यांनी १९५७ मध्ये ते स्वतः गायलं होतं, अगदी स्वच्छ उच्चारांत. जमैकाला परत निघालेला एक खलाशी, तिथं वाट पाहणारी त्याची प्रेयसी, आणि त्याची ओढ. बस. तरीही असंख्य लोकांना त्यात भलतंच ऐकू आलं. रॉक संगीताची ज्यांना धास्ती होती त्यांना घाण ऐकू आली. मोठ्यांपासून लपवायला ज्यांना काहीतरी हवंच होतं, त्या पोरांनाही तेच ऐकू आलं, पण आनंदानं. शब्द पुसट होते, आणि त्या पुसट जागी ज्यानं त्यानं आपल्या मनातलं भरलं.

(दृश्य : ध्वनीचा आलेख पडद्यावर सरकतो.)

बोललेल्या वाक्याचा आलेख नीट पाहा. लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना तशी जागा बहुतेक वेळा नसतेच. आवाज सलग वाहतो, आणि त्याचे शब्द पाडायचं काम मेंदू करतो. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत, गळलेलं भरून काढत. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वाक्याच्या रेकॉर्डिंगमधला एक ध्वनी त्यानं पूर्ण कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. २० जणांना ते ऐकवलं. १९ जण म्हणाले, वाक्य पूर्ण आहे, काही गळलेलं नाही. विसाव्याला काहीतरी कमी वाटलं, पण त्यानं जागा चुकीची दाखवली.

आता त्या खोकल्याच्या जागी विस्फारलेल्या आवाजाची इलेक्ट्रिक गिटार ठेवा. झांजा ठेवा. आणि हे सगळं तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरच्या बारक्या स्पीकरमधून ऐका, तेही स्टेशन मध्येच सरकत असताना. साठच्या दशकात रॉक पहिल्यांदा कानावर पडलं ते बहुतेकांच्या असं. शब्द पडताळून पाहायची सोय नव्हती. दोन गाण्यांची छोटी तबकडी साध्या कागदी पाकिटात यायची. बीटल्सनी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर्स' या अल्बमच्या मागच्या कव्हरवर सगळ्या गाण्यांचे शब्द छापले, तेव्हा ती नवलाईची गोष्ट होती. काही गायकांना तर शब्द स्पष्ट यावेत असं वाटतच नव्हतं. रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर यानं १९६८ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाला सांगितलं होतं, की शब्द फार स्पष्ट गाऊ नयेत हे गायक फॅट्स डॉमिनोचं मत वाचून त्याच्यावर मोठा परिणाम झाला. त्याच्या बँडची सत्तरीच्या सुरुवातीची रेकॉर्डिंग ऐकताना हे पटतं. आवाज गिटारींच्या वर नाही, गिटारींच्या मध्ये आहे.

म्हणून त्या पिढीनं गाणी पाठ केली ती सुई उचलून, पुन्हा मागे ठेवून. कॅसेट आल्यावर रिवाइंडचं बटण दाबून दाबून. एकजण ऐकतोय, दुसरा वहीत उतरवतोय, तिसरा म्हणतोय, नाही रे, परत लाव. एकाच ओळीसाठी अर्धी दुपार. वहीत शेवटी जे उतरायचं ते बरोबर असो वा नसो, त्या ओळीइतकं लक्ष देऊन आपण दुसरं काय ऐकलं होतं? आज एखादं गाणं लागलं की वहीतलीच ओळ आधी ओठांवर येते. खरे शब्द कळून कितीतरी वर्षं झाली, तरी.

(दृश्य : जांभळा प्रकाश, रंगमंच, डावखुरा गिटारवादक.)

जिमी हेंड्रिक्स, 'पर्पल हेझ', १९६७. ओळ आहे, 'एक्स्क्यूज मी व्हाइल आय किस द स्काय'. थांबा जरा, मी आकाशाचं चुंबन घेतोय. लाखोंनी ऐकलं, 'किस धिस गाय'. या गड्याचं चुंबन घेतोय.

यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही, आणि ते का, हे क, ख आणि ग वेगळे ओळखणाऱ्या मराठी कानाला चटकन कळेल. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. तो थोडासा आपल्या ख कडे झुकतो. पण आधी स आला की तो झोत नाहीसा होतो, आणि उरलेला क इंग्रजी कानाला जवळजवळ ग सारखा वाटतो. मग 'स्काय'मधला स आधीच्या शब्दाला चिकटला, की मागे 'गाय' उरतो. हेंड्रिक्सच्या कानावर हा गोंधळ गेलाच. रंगमंचावर कधी कधी तो मुद्दाम तसंच गायचा आणि शेजारच्या सोबत्याकडे हात करायचा. चुकीच्या ओळीला तिच्या मालकानंच मान्यता दिली.

अशा ओळींना इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. १९५४ मध्ये सिल्व्हिया राइट या लेखिकेनं 'हार्पर्स' मासिकात लिहिलं, की लहानपणी आई एक जुना स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायची. सरदाराला मारलं आणि हिरवळीवर टाकलं, अशी ओळ. 'लेड हिम ऑन द ग्रीन'. मुलीला ऐकू आलं, सरदाराला मारलं आणि 'लेडी मॉन्डेग्रीन'लाही. तिच्या डोळ्यांसमोर सरदारासोबत प्राण देणारी ती शूर बाई उभी राहिली. राइटचं म्हणणं होतं, की तिच्या ओळी मूळ ओळींपेक्षा सरस आहेत. मला ते पटतं. मूळ पोवाड्यात तो सरदार एकटा मरतो. या मुलीनं त्याला एकटं मरू दिलं नाही.

रॉकमध्ये तर अशा ओळी थेट तबकडीवर छापल्या गेल्या.

(दृश्य : १९६८ मधलं अल्बम-कव्हर.)

आयर्न बटरफ्लाय या बँडचा गायक आणि ऑर्गनवादक डग इंगल यानं एक गाणं रचलं. शीर्षक, 'इन द गार्डन ऑफ ईडन', ईडनच्या बागेत. ड्रमर रॉन बुशी सांगायचा, की इंगलनं ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तो वाइन पिऊन तर्र झाला होता, आणि जीभ वळत नव्हती. बुशीनं कानाला आलं तसं कागदावर लिहिलं. 'इन-अ-गड्डा-द-विडा'. दुसऱ्या दिवशी ते कुणी दुरुस्त केलं नाही. त्याच नावानं अल्बम आला. हे एकच गाणं सतरा मिनिटांचं, अल्बमची अख्खी एक बाजू व्यापणारं. 'गार्डन ऑफ ईडन' या नावाला ते गारूड नसतं. या निरर्थक अक्षरांत मात्र मंत्रासारखं काहीतरी आहे, आणि मधला लांबलचक ड्रम सोलो त्याला शोभतो.

स्टीव्ह मिलरची गोष्ट याहून सुंदर. 'द जोकर', १९७३. त्यात तो म्हणतो, लोक मला मॉरिस म्हणतात, कारण मी 'पॉम्पेटस ऑफ लव्ह'बद्दल बोलतो. हा शब्द कुठल्याही शब्दकोशात नव्हता. श्रोते वर्षानुवर्षं एकमेकांना विचारत राहिले. धागा निघाला १९५४ मधल्या एका गाण्यात, द मेडॅलियन्सच्या 'द लेटर'मध्ये. त्याचा गायक व्हर्नन ग्रीन यानं पोरवयात एक शब्द स्वतःच घडवला होता, 'पपेट्यूट्स'. कागदी बाहुलीसारखी, स्वप्नातली प्रेयसी. मिलरच्या कानात तो 'पॉम्पेटस' होऊन बसला, तिथून त्याच्या गाण्यात आला, आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एका पोरानं घडवलेला शब्द, दुसऱ्यानं वेगळा ऐकलेला, आणि मग कोट्यवधींनी अर्थ न विचारता म्हटलेला.

'ब्लाइंडेड बाय द लाइट'चंही असंच. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९७३ मध्ये आलेल्या मूळ गाण्यात ओळ होती, 'कट लूज लाइक अ ड्यूस'. ड्यूस म्हणजे १९३२ ची फोर्ड, पोरं इंजिन बदलून पळवायची ती गाडी. मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडनं १९७६ मध्ये ते गायलं, आरंभीचा शब्द बदलून, आणि 'ड्यूस' लोकांना एका शिवीसारखा ऐकू आला. १९७७ मध्ये तेच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

कधी चुकीचं ऐकण्यातून ओळखही जमली. ऑगस्ट १९६४, न्यूयॉर्कचं डेलमोनिको हॉटेल. बॉब डिलन बीटल्सना भेटायला आला. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'मध्ये ते गातात 'आय कान्ट हाइड', मला लपवता येत नाही. डिलनला ते 'आय गेट हाय' असं ऐकू आलं होतं, त्यामुळे ही मंडळी गांजा ओढणारीच असं त्यानं धरून चाललं होतं. नव्हती. त्या रात्रीनंतर होती.

आणि कधी त्यातून वावडी उठली. बीटल्सच्याच 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या शेवटी जॉन लेनन पुटपुटतो, 'क्रॅनबेरी सॉस'. १९६९ च्या शरदात, पॉल मॅकार्टनी मेला आहे आणि त्याच्या जागी तोतया उभा केलाय अशी अफवा पसरली, तेव्हा लोकांना तिथं 'आय बरीड पॉल' ऐकू यायला लागलं. मी पॉलला पुरलं. शेवटी पॉलला 'लाइफ' मासिकातून आपण जिवंत असल्याचं सांगावं लागलं. 'लुई लुई'सारखंच हे. ऐकण्याआधीच मनात जे ठरलंय, ते ऐकू येतं. फक्त इथं भीतीच्या जोडीला दुःखही होतं. तेव्हा बीटल्स फुटण्याच्या वाटेवर होते, आणि श्रोत्यांना ते जाणवत होतं.

(दृश्य : खचाखच भरलेलं मैदान. गिटार सुरू.)

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, 'बॅड मून रायझिंग', १९६९. चाल अशी की पाय आपोआप ताल धरतात, आणि शब्द सगळे अरिष्टाचे. वादळं, भूकंप, पात्राबाहेर पडणाऱ्या नद्या. 'देअर्स अ बॅड मून ऑन द राइज'. अशुभ चंद्र उगवतोय. लोकांना ऐकू आलं, 'देअर्स अ बाथरूम ऑन द राइट'. उजव्या हाताला न्हाणीघर आहे. अक्षरं तितकीच, स्वर तेच, आघातही त्याच जागी. आणि त्या नाचऱ्या चालीवर जगबुडीपेक्षा न्हाणीघरच जास्त शोभतं, हे मान्य करावं लागेल.

गाणं लिहिणारा जॉन फोगर्टी यावर रागावू शकला असता. आपल्या शब्दांवर घट्ट पकड असलेला माणूस. पण मैफलीत ही ओळ आली की तो स्वतःच कधी कधी बाथरूमची ओळ म्हणतो, आणि समोरची गर्दी ती आणखी मोठ्यानं म्हणते. १९९८ च्या 'प्रीमॉनिशन' या लाइव्ह अल्बमवर ते रेकॉर्ड झालेलं आहे. या वेळी शब्द अगदी स्पष्ट आहेत.

(गाणं पूर्ण आवाजात. श्रेयनामावली.)