निखाऱ्यांवरचा रविवार

श्रोतेहो, नमस्कार. आज मी बोलणार आहे अर्जेंटिनाच्या असादोबद्दल. निखाऱ्यांवर भाजलेलं मांस म्हणजे असादो, आणि ते खायला जमलेला गोतावळा म्हणजेही असादोच.

रविवारची सकाळ. मांस अजून घरातच आहे. अंगणाच्या कोपऱ्यात मात्र लाकडं पेटलीत आणि एक माणूस त्यांच्याकडे टक लावून उभा आहे. हा असादोर. आजच्या जेवणाची सगळी जबाबदारी त्याची, आणि त्याच्या विस्तवाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लाकूड शक्यतो केब्राचोचं. या नावाचा अर्थच मुळी कुऱ्हाड मोडणारा! हे लाकूड इतकं जड, की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याचे निखारे संथ आणि खूप वेळ धगधगतात.

सगळी कला या निखाऱ्यांत आहे. मांसाला ज्वाळा लागू द्यायची नाही. लाकडं एका बाजूला जळत राहतात. निखाऱ्यांवर पांढुरकी राख चढली, की असादोर फावड्याने ते थोडेथोडे ओढून जाळीखाली पसरतो. मग जाळीवर तळहात धरतो आणि मनात आकडे मोजतो. पाच-सहापर्यंत हात टिकला तर आच बेताची. दोनलाच चटका बसला, तर निखारे बाजूला सारायचे. जाळीच्या सळ्याही बऱ्याचदा पन्हळीसारख्या खोलगट आणि पुढे उतरत्या असतात. वितळलेली चरबी त्यांतून वाहत पुढच्या भांड्यात जाते. ती निखाऱ्यांवर पडली तर भडका उडतो आणि मांसाला कडवट धुराचा वास लागतो.

बरगड्या ठेवायच्या त्या हाडांची बाजू खाली करून. हाडं तापतात, मांस हळूहळू शिजतं. बराच वेळ ते तसंच राहू द्यायचं आणि उलटायचं एकदाच. मसाला म्हणाल तर जाडं मीठ, बस्स. आलं-लसणाच्या वाटणात वाढलेल्या आपल्या जिभेला हे अळणी वाटेल, पण मला यातच असादोचा मोठेपणा दिसतो. झाकायला काहीच नसल्यामुळे आच चुकली की लगेच कळतं. चिमिचुर्री असते, पण ती ताटात, वरून घ्यायला: पार्स्ली, ओरेगानो, लसूण, मिरचीचा भरड चुरा, व्हिनेगर आणि तेल.

हा साधेपणा आला पाम्पाच्या गवताळ मैदानांतून. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात इथे गुरं आणली. 1580 साली ब्युनोस आयर्स दुसऱ्यांदा वसलं, तेव्हाही गुरं सोबत होती. मोकाट सुटलेली जनावरं त्या अफाट गवतावर बेसुमार वाढली. व्यापाऱ्यांना हवं होतं ते कातडं आणि चरबी. बर्फघरं नव्हती, त्यामुळे ताज्या मांसाला मोल नव्हतं. ते आलं गाउचोंच्या वाट्याला. गाउचो म्हणजे घोड्यावर आयुष्य काढणारे तिथले गुराखी. जवळ सुरी, मीठ आणि विस्तव. मांस सळीला टोचायचं, सळी निखाऱ्यांशेजारी जमिनीत रोवायची आणि भाजलं तसं सुरीने कापून खायचं. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडच्या पातागोनियात आजही अख्खं कोकरू लोखंडी क्रुसावर ताणून तासन् तास असंच भाजतात. शेजारच्या उरुग्वेत लाकूडच हवं, कोळसा चालत नाही, असं मानणारे कित्येक आहेत. दक्षिण ब्राझीलमध्ये मांस असंच भाजतात, त्याला शुहास्को म्हणतात; त्याचं मूळही याच मैदानांत.

आता अंगणात परत येऊ. आधी येतो चोरिसो, म्हणजे सॉसेज, पावात घालून उभ्याउभ्या खायला. मग आतडी आणि इतर अवयव. चीजची जाड चकतीही जाळीवर भाजतात, ओरेगानो भुरभुरवून. बरगड्या येतात सगळ्यांत शेवटी. पहिले घास पोटात गेले की टेबलावरून कुणीतरी ओरडतं, "असादोरसाठी टाळ्या!" सगळे टाळ्या वाजवतात. आणि सकाळपासून धुरात उभा असलेला तो माणूस फावडं भिंतीला टेकवतो, हात पुसतो आणि आपल्या खुर्चीत येऊन बसतो.